शेवटच्या खोलीतलं गरम पाणी

जानेवारी संपता संपता माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. महाबळेश्वरच्या एका जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात तो दोन वर्षांपासून मॅनेजर आहे. "मॅडम, दोन रात्री येऊन राहा आणि जे दिसेल ते सांगा. मालक खर्च करायला तयार आहेत, पण कशावर करायचा तेच ठरत नाहीये." पाठोपाठ त्याने पाहुण्यांनी जाताना भरून दिलेल्या फॉर्मांचे फोटो पाठवले. ४३ फॉर्म.

मी पुण्यात कॅटरिंग कॉलेजात २६ वर्षं हाउसकीपिंग शिकवलं. चादरीचा कोपरा ४५ अंशांत दुमडून गादीखाली कसा खोचायचा, हे किती मुलांच्या हातात बसवलं असेल त्याची मोजदाद नाही. त्यामुळे असं कुणी बोलावलं की मला मनापासून आनंद होतो. फॉर्म छापून आणले, कोथरूडच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरले आणि पेन्सिल घेऊन बसले.

तक्रारी फिरून फिरून त्याच. सकाळी गरम पाणी येत नाही. टॉवेल जुने आहेत. खोलीत टीव्ही नाही. पण कौतुकाचे रकाने वाचताना मी थबकले. दरीचं दृश्य, जेवण, जुनं लाकूडकाम यांना एखादं वाक्य मिळालेलं, बाकी सगळं माणसांबद्दल. "आईच्या पाठीशी न सांगता उशी आणून ठेवली." "छोटीला साय आवडत नाही, दुसऱ्या दिवसापासून दूध गाळूनच आलं." एका बाईंनी लिहिलं होतं, "तिसऱ्यांदा आलो, ह्यांना कोरा चहा लागतो हे या वेळीही सांगावं लागलं नाही." इतक्या पाहुण्यांतून हे लक्षात कसं राहतं, ते मला बघायचं होतं. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे उण्या गोष्टीही सांगायच्या आहेत.

बरोबर वन्संना घेतलं. त्या ७४ वर्षांच्या, शाळेत इतिहास शिकवायच्या, गुडघ्याने त्रासलेल्या. माझी नजर आधी चादरीवर जाते, मग दाराच्या फटीतल्या धुळीवर. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला काय वाटतं ते सांगायला वेगळी नजर हवी होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. वाईच्या पुढे पसरणी घाट चढायला लागल्यावर वन्संचा तास सुरू झाला. "वहिनी, लोक म्हणतात महाबळेश्वर इंग्रजांनी शोधलं. शोधायचं काय होतं त्यात? १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती क्षेत्र महाबळेश्वरीच ना! इंग्रजांनी वसवली ती माल्कम पेठ." साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ च्या तहात त्यांनी ही जागा घेतली आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं, हे मला त्या दिवशी कळलं. मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात इथे येऊ लागले, त्यांच्यामागे कचेऱ्या आल्या, अधिकारी आले, मुंबईचे धनिक पारशी आले, बंगले उठले. आमचं हॉटेल त्याच चालीचं. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरतं छप्पर, ओळीने खोल्या आणि पुढे इतका लांब व्हरांडा की एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला ओळखू येत नाही.

पोचलो तर पहिली गोष्ट घडली ती अशी. रजिस्टर पुढे आलं नाही. आधी वन्संसाठी खुर्ची आली, तीही हात असलेली आणि उंच बैठकीची, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार येऊ नये. मग पाणी. नाव-गाव, आधार कार्ड हे सगळं पाणी पिऊन झाल्यावर, बसल्या जागी. मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले की दमून आलेल्या माणसाला काउंटरपाशी उभं करू नका. शहरातल्या कितीतरी चकचकीत लॉबींमध्ये मी वयस्कर माणसं काउंटरला टेकून ताटकळलेली पाहिली आहेत. इथे ते होऊ दिलं नव्हतं.

खोली तळमजल्यावरची, ओळीतली शेवटची. ती मीच मागून घेतली होती. पाइपाच्या टोकाची खोली बघितल्याशिवाय इमारत कळत नाही. सागवानी पलंग, वर मच्छरदाणीच्या जुन्या दांड्या, खिडकीला आतून लाकडी झडपा. चादर हाताने चाचपली. पातळ झालेली पण स्वच्छ, कोपरे अचूक, आणि तिला उन्हाचा वास होता. मशीनमध्ये वाळवलेल्या कापडाला तो कधीच येत नाही. टॉवेल मात्र खरंच करडे पडलेले. त्याचं कारण मला कपाट उघडल्यावर समजलं. कापडाचे निदान तीन संच लागतात, एक खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात विश्रांतीला. इथे टॉवेलांचे दीडच संच होते. म्हणजे आज धुतलेला टॉवेल उद्या पुन्हा खोलीत. धुक्याच्या दिवसांत तो पुरता वाळतही नसणार. त्यातून इथली लाल माती. ती पायाला लागते, पायावरून टॉवेलला लागते, मग डाग काढायला ब्लीच जास्त पडतं आणि सूत मरतं. नवे टॉवेल आणून हा प्रश्न सुटणार नाही, ते सहा महिन्यांत असेच होतील. संच वाढवावे लागतील आणि प्रत्येक दाराशी आत-बाहेर दोन पायपुसणी घालावी लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी घड्याळ लावून गरम पाण्याचा नळ सोडला. खाली बादली ठेवली. गरम पाणी यायला ११ मिनिटं लागली. तोवर दोन बादल्या गार पाणी जमा झालं. पाहुणा एवढा वेळ थांबत नाही. तो तीन मिनिटं हात घालून बघतो, चिडतो आणि फॉर्मवर लिहितो, "गरम पाणी नाही." त्याचं चुकत नाही. नाश्त्यानंतर मी बॉयलर बघायला गेले. बॉयलर उत्तम होता, नवा होता. पण तो स्वयंपाकघराच्या मागे, आणि आमची खोली तिथून साठ-सत्तर मीटरवर. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी थंड होतं, ते सगळं वाहून गेल्यावर मागचं गरम पाणी नळापर्यंत पोचतं. वाटेतला पाइप उघडा, त्यावर काही गुंडाळलेलं नाही, तो आणखी ऊब खातो. उपाय माहीत असलेलाच आहे. शेवटच्या खोलीपासून बॉयलरकडे एक परतीचा पाइप टाकायचा, त्यावर छोटा पंप बसवायचा, म्हणजे गरम पाणी ओळीतून फिरत राहतं. पाइपावर इन्सुलेशन चढवायचं. पंप पहाटे पाच ते नऊ चालला तरी पुरे.

शिवाय वाया जाणारं पाणी. पावसाळ्यात इथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या सात-आठ पट. पण तो उतारावरून निघून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये गावाची मदार वेण्णा तलावावर असते, जो साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतला. त्या पाण्याच्या रोज सकाळी खोलीगणिक दोन बादल्या मोरीत सोडायच्या, हे मला बघवलं नाही. आमच्या दोन बादल्या मी माळ्याच्या हवाली केल्या.

आता जेवणघर. इथे अजून जेवणाची घंटा होते. खोलीच्या भाड्यात चारी वेळचं खाणं धरलेलं, ही या जुन्या हॉटेलांची रीत. पारशी पद्धतीचं जेवण, रविवारी धनसाक, शेवटी लगननु कस्टर्ड. वन्सं शाकाहारी, कांदा-लसूण चालतो पण वांगं चालत नाही. पहिल्या रात्री त्यांनी भाजीतली वांग्याची फोड नुसती बाजूला केली. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी इतर टेबलांवर वांग्याचं काहीतरी होतं आणि वाढणारे काका आमच्या टेबलाशी बटाटा-मटारची वाटी घेऊन आले. वन्सं त्यांच्याकडे बघतच राहिल्या. सकाळी नाश्त्याला रवो आला, दुधात शिजवलेला, जायफळाचा, वर तळलेले बेदाणे. "आपल्या शिऱ्याचा हा चुलतभाऊ," म्हणत त्यांनी दोनदा घेतला.

दुपारी मी काकांना विचारलं, तुम्हाला हे सगळं आठवतं कसं? ते म्हणाले, "आठवत नाही मॅडम, लिहितो." आणि त्यांनी पॅन्ट्रीतल्या फळीवरून एक वही काढली. कापडी पाठीची, लांबट, किराणा दुकानात असते तशी. खोली नंबर, आडनाव, पुढे दोन-चार शब्द. "खो. १४, गुडघा, उंच खुर्ची. वांगं नको." खाली आणखी वह्या होत्या, काकांच्या आधी जे होते त्यांच्या हातच्या. शाई पुसट झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. मी तासभर तिथे स्टुलावर बसून वाचत होते. "मुलगा शाळेत नापास, विषय काढू नये." "साहेबांना दरीकडची खुर्ची, बाईंना दरीकडे पाठ." एका पानावर होतं, "बाईंना झोप नाही. रात्री व्हरांड्यात दिवा चालू ठेवणे." कोण त्या बाई, कुठल्या साली आल्या, काही लिहिलेलं नाही. पण त्यांच्यासाठी कुणीतरी दिवा ठेवला होता.

मी मुलांना गेस्ट हिस्टरी कार्ड शिकवायची. नाव, पत्ता, आवडीची खोली, पैसे कसे दिले. त्या कार्डावर व्हरांड्यातल्या दिव्याला रकानाच नव्हता. आणि हॉटेलने गेल्या वर्षी घेतलेल्या कॉम्प्युटरच्या प्रणालीतही तो नाही. माझ्या विद्यार्थ्याला ही वही असते हे माहीत होतं, पण ती तो कधी उघडून बसला नव्हता. त्या संध्याकाळी बसला.

टीव्हीवरून एका कुटुंबाने आमच्यासमोरच वाद घातला. पिंपरीकडचे होते, दोन लहान मुलं, दुपारचं ऊन. मला त्यांचं म्हणणं पटलं. टीव्ही नसणं ही या घराची निवड असेल आणि मला ती आवडतेही, पण पैसे भरण्याआधी ते पाहुण्याला सांगायला हवं. बुकिंगच्या वेळी एक वाक्य पुरतं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाजूला गेले, कामगारांच्या खोल्यांकडे. तिकडे मला कुणी बोलावलं नव्हतं. बहुतेक मुलं जावळी खोऱ्यातल्या गावांतली. पूर्वी पावसाळ्यात हॉटेल बंद असायचं आणि माणसं शेतीला घरी जायची. आता पाहुणे धुकं बघायला जुलैतही येतात, म्हणून निम्मी मुलं इथेच राहतात. इंग्रजांच्या काळापासून इथे पावसाळ्याआधी बंगल्यांच्या भिंती गवताने शाकारून काढायचे, झोडपणाऱ्या पावसाने जांभा पाणी पितो म्हणून. या मागच्या खोल्यांना गवत नव्हतं आणि धड पत्राही नव्हता. भिंतीवर ओल छातीपर्यंत चढलेली. गाद्या मार्चमध्येही दमट लागल्या. एका मुलाने सांगितलं की पावसात ते पत्र्याखाली प्लास्टिक बांधतात आणि गळतं तिथे स्वयंपाकघरातले डबे ठेवतात. हीच मुलं सकाळी सहाला आमच्या दारात चहा घेऊन येतात, हसून.

मी खोलीत येऊन बराच वेळ गप्प होते. मग चार पानी पत्र लिहिलं. मालकांच्या मनात स्वागतकक्ष नव्याने करायचा आहे, संगमरवर वगैरे, आणि मागे एक तरणतलाव. मी लिहिलं की आधी मागच्या खोल्यांची छपरं, मग परतीचा पाइप, मग कापडाचे संच. ४३ पैकी एकाही माणसाने संगमरवर मागितलेला नाही. ज्यांच्यामुळे पाहुणे तिसऱ्यांदा येतात, त्यांना कोरड्या गादीवर झोप मिळाली पाहिजे. वही पुढच्या माणसाला लिहायला शिकवा, काका कायमचे नाहीत. वन्संनी पत्र वाचून एक ओळ स्वतःच्या अक्षरात घातली, "दरीकडची खुर्ची कधीही हलवू नये."

निघताना काका बसपर्यंत पिशवी घेऊन आले. वन्संनी त्यांना नमस्कार केला, बक्षिशीचं पाकीट दिलं आणि तुमचं अक्षर छान आहे म्हणाल्या.

एप्रिलमध्ये विद्यार्थ्याचा फोन आला. साताऱ्याहून प्लंबर येऊन गेला, पाइप पडला, शेवटच्या खोलीत आता मिनिटभरात गरम पाणी येतं. टॉवेलांची ऑर्डर सोलापूरला दिली आहे. छपरांचं मालक "बघू" म्हणत होते. मी त्याला म्हटलं, मृग ७-८ जूनला लागतो, आणि तिथे पाऊस कुणासाठी थांबत नाही. परवा त्याने पत्र्यांच्या गाडीचा फोटो पाठवला. मे अखेर काम होईल म्हणतो. जूनच्या पहिल्या तारखेचं स्वारगेटचं तिकीट मी काढून ठेवलंय, दोन माणसांचं. त्या मागच्या खोल्यांत जाऊन गाद्यांना हात लावून बघणार आहे.