सकाळी नऊचा पाइंट

2 नोव्हेंबर 2019, शनिवार. लीड्समध्ये नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा मी पबच्या मागच्या दाराने आत शिरले. एरवी अकराला उघडणारा आमचा पब त्या दिवशी आठलाच उघडणार होता. जपानमध्ये योकोहामाला रग्बी विश्वचषकाची फायनल होती, इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. तिथली संध्याकाळ म्हणजे इथले सकाळचे नऊ.

मी सांगलीची. लीड्सला एमएस्सी करत होते आणि आठवड्यातले काही तास बारच्या मागे उभी असायचे. मी स्वतः पीत नाही, पण पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, ओढायचं काम मला मनापासून आवडायचं. तळघरातल्या पिंपात एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, साधारण 11 ते 13 अंश सेल्सिअसवर ठेवलेली असते. हँडपंपाचा लांब दांडा सावकाश, न धसमुसळता खेचायचा. यॉर्कशरमध्ये तोटीच्या टोकाला बारीक भोकांची टोपी लावतात, तिला स्पार्कलर म्हणतात. तिच्यामुळे वर सायीसारखा दाट फेस धरतो. तो नीट धरला की दिवस चांगला सुरू झाला असं वाटायचं.

साडेआठला काउंटरसमोर गर्दी उसळली. बसथांब्यावर दोघंच असले तरी एकामागे एक उभी राहणारी ही माणसं पबच्या काउंटरला मात्र रांग लावत नाहीत. सगळे आडवे पसरून उभे. पण आपल्याआधी कोण आलं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. मी चुकून दुसऱ्याकडे वळले तर तोच सांगायचा, "आधी हे." स्वतःचा नंबर असा सोडून देणारी माणसं पाहिली की मला फार बरं वाटायचं. त्या सकाळी लंडनचा एकजण वीस पौंडांची नोट हवेत हलवत होता. तिथे ते अगदी वाईट दिसतं. कोणी काही बोललं नाही, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी मला आपल्याआधीच्यांची नावं सांगितली आणि त्याचा नंबर आपोआप शेवटी गेला.

पाइंट हातात पडल्यावर तो म्हणाला, "ही बिअर आहे की आइस्क्रीम?"

कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक आजोबा, निवृत्त बसचालक, तिथूनच ओरडले, "का रे, दक्षिणेत फेस परवडत नाही का तुम्हाला?"

मी काही न बोलता ग्लास परत घेतला आणि काठोकाठ भरून दिला. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. थोडा फेस चालतो, पण गिऱ्हाइकाने भरून मागितला की तोंड वाकडं न करता भरून द्यायचा. आजोबांचं तेवढ्याने समाधान झालं नव्हतं. "फेस काढलास, आता चव कुठून आणशील?" लंडनकरही हसला.

त्या टेबलावर चार म्हातारे होते. त्यांचं खरं प्रेम तेरा जणांच्या रग्बीवर. ही पंधरा जणांची रग्बी त्यांना सावत्र वाटायची, पण इंग्लंड फायनलला म्हणून आले होते. शेजारी हिरव्या जर्सीतला दक्षिण आफ्रिकेचा एक तरुण एकटाच बसला होता. आजोबांनी त्याला खुर्ची ओढून दिली. "बस इथे. आता आपण पाच जण राऊंडमध्ये."

राऊंड म्हणजे एकाने उठून सगळ्यांचं आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. आपल्याकडे हॉटेलात बिलावरून जी ओढाताण होते ती इथे होतच नाही, कारण पाळी ठरलेली असते. तरुणाला दुपारी ड्यूटी होती, म्हणून तो संत्र्याचा रस घेत होता. त्यावरून त्याची यथेच्छ चेष्टा झाली. "रस पिऊन विश्वचषक जिंकतात होय?"

खेळ मात्र इंग्लंडच्या हातून निसटत गेला. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा काइल सिंकलर जखमी होऊन बाहेर पडला. मध्यंतराला दक्षिण आफ्रिका 12–6 पुढे. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांच्या मापिम्पी आणि कोल्बे यांचे दोन ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण, आणि 32–12. त्यांचा कर्णधार सिया कोलिसीने चषक उचलला तेव्हा आमच्याकडे टीव्हीखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

तरुण उठून माझ्यापाशी आला. डोळे भरलेले होते. हळूच म्हणाला, "मी गुपचूप निघू का? त्यांना वाईट वाटलं असेल."

टेबलावर चार राऊंड झाले होते. पाचवा त्याचा होता.

मी म्हटलं, "जा, पण तुमचा राऊंड देऊन जा. मॅच हरलेली ते विसरतील, बुडवलेला राऊंड नाही विसरणार."

त्याने चार पाइंट मागितले. मी त्या दिवशीचे सगळ्यात निगुतीने ओढलेले पाइंट ते असतील. पैसे देताना तो थबकला आणि सकाळपासून कानावर पडलेलं वाक्य त्याने माझ्यासाठी वापरलं, "आणि एक तुझ्यासाठी." सुरुवातीच्या दिवसांत असं कोणी म्हटलं की मी नको म्हणायचे. मालकीणबाईंनी बाजूला घेऊन समजावलं होतं की ही तिथली बक्षिशी, नाकारली तर समोरच्याला लागतं. मी लाइम सोडा घेतला आणि त्याच्याकडे ग्लास उंचावला.

ट्रे टेबलावर ठेवला तेव्हा आजोबा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. "चषक पण नेणार आणि बिल पण भरणार. आम्हाला काही शिल्लक ठेवशील की नाही?" मग उठून त्यांनी त्याला घट्ट मिठी मारली. बाकीचे तिघं टेबल बडवू लागले.

निघताना त्याने टेबलावरचे रिकामे ग्लास गोळा करून काउंटरवर आणून ठेवले. जाताना आपले ग्लास असे परत आणून देणं ही तिथली रीत, आणि ती त्याला कोणी सांगितली नव्हती. दारापर्यंत पोचला तोच मागून आजोबांची हाक आली.

"ए पोरा, तो सोन्याचाही ठेवून जा की!"