पाठीवरचे दोन ठिपके

खोटं कानातलं घातलं की दुसऱ्या दिवशी पाळ्या ओल्या व्हायच्या. जीन्सच्या बटणाखाली, बेंबीजवळ, रुपयाएवढा खाजरा चट्टा तर कायमचाच. आईचं निदान ठरलेलं: उष्णता. त्वचेच्या डॉक्टर मॅडमना खोट्या दागिन्यांत आणि बटणांत असणाऱ्या निकेल या धातूचा संशय आला. म्हणाल्या, "पॅच टेस्ट करून टाकू."

सोमवारी पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या चिमुकल्या वाट्या चिकटवल्या. प्रत्येकीत व्हॅसलिनमध्ये कालवलेला एकेक पदार्थ: निकेल, क्रोमेट, सुगंधी द्रव्यं, केसांच्या डायमधलं रसायन, अगदी गाजर गवतसुद्धा. एकीत नुसतंच व्हॅसलिन. ४८ तास पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. दुसऱ्या रात्री दाराच्या चौकटीला पाठ घासायचा मोह कसा आवरला, माझं मला ठाऊक.

बुधवारी पट्ट्या निघाल्या. मी सावळी. पुस्तकातल्या फोटोंत लालबुंद दिसणारा डाग माझ्या पाठीवर जेमतेम मळकट वाटत होता. मॅडमनी निकेलपुढे प्रश्नचिन्ह घातलं.

त्यांच्या हाताखालची एक डॉक्टर मुलगी याच विषयावर प्रबंध करत होती. संमतीपत्रावर सही घेऊन तिने मला लेझर डॉप्लरखाली पालथं झोपवलं. यंत्र अंगाला टेकतही नाही. वाहत्या तांबड्या पेशींवरून परतताना लेझरच्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते, त्यावरून रक्तप्रवाहाचा रंगीत नकाशा उमटतो. आधी बराच वेळ नुसतं पडून राहायचं, मग अजिबात हलायचं नाही. मी खोकले, नकाशा फाटल्यासारखा दिसला, पुन्हा पहिल्यापासून.

पडद्यावर पाठ निळी आणि त्यात दोन ठिपके पेटलेले, निकेल आणि क्रोमेट. नुसत्या व्हॅसलिनच्या जागेपेक्षा तिथला आकडा कितीतरी जास्त.

"म्हणजे दोन्हींची अ‍ॅलर्जी?"

"तिथे रक्त जास्त खेळतंय, एवढंच कळतं. त्वचा नुसती चुरचुरली तरी ते वाढतं. पण चुरचुर बहुधा ओसरते, अ‍ॅलर्जी टिकते. शुक्रवारी बघू."

शुक्रवारी क्रोमेटचा ठिपका निळ्यात विरून गेला होता. निकेलचा आणखी पसरलेला. मॅडमनी मात्र पडद्याकडे न बघता आधी पाठीवरून बोट फिरवलं. "इथे कडक लागतंय, बारीक पुरळही आहे." मग पडदा पाहिला, निकेलपुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि तिथे अधिकचं चिन्ह लिहिलं, म्हणजे अ‍ॅलर्जी नक्की.

घरी येऊन जीन्सच्या बटणामागे कापडाचा तुकडा शिवला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सोन्याचं चालेल ना?"

चालेल म्हटलं. घेऊन कोण देणार, ते तिने विचारलं नाही.