मुलाचं नाव काय ठेवू? तुम्ही विचारलंत म्हणून

मी बालवाडीत शिकवते, रोज हजेरी घेते, त्यामुळे ओळखीत कुणाकडे पाळणा हलला की फोन मला येतो. बाई, मुलगा झालाय, छानसं नाव सुचवा ना. आणि लगेच पुढचं वाक्य, पण असं सुचवा की ज्याची पुढे कुणी वाट लावणार नाही, म्हणजे त्याचं काही भलतंच टोपणनाव पडणार नाही. हे दुसरं वाक्य हल्ली पहिल्यापेक्षा जास्त काळजीने येतं, आणि परवा परत एकीने हेच विचारलं, म्हणून एकदा नीटच लिहून ठेवते.

असं नाव नसतं हो. चार अक्षरी घ्या, दोन अक्षरी घ्या, मराठी माणूस हाक मारताना नावाला हात लावल्याशिवाय राहत नाही. घरी आजी शेवटचं अक्षर काढून उकार लावणार, शाळेत मित्र त्याच जागी या लावणार. प्रशांतचा पश्या, संतोषचा संत्या, अविनाशचा अव्या हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. नाव छोटं ठेवलं की वाचू असं वाटून लोक ओम ठेवतात, त्याचा ओम्या होतो, म्हणजे नाव लहान होण्याऐवजी मोठं झालं पण हात लागायचा तो लागलाच. आणि इतकं करून कॉलेजात गेल्यावर पोरं एकमेकांना आडनावावरूनच हाका मारतात, जोश्या, पाटल्या, कुल्क्या, तिथे तुमच्या निवडीचा काही संबंधच उरत नाही.

आणि मला मनापासून वाटतं की यात नाव बिघडतच नाही. आपल्या संतांकडे बघा ना. अभंगाच्या शेवटी सही कशी आहे, तुका म्हणे. नामदेवांची नामा म्हणे. एकनाथ महाराज तर एका जनार्दनी, आपलं नाव अर्धं करून गुरूच्या नावाला जोडून टाकलं. जनाबाई स्वतःला जनी म्हणते. ज्ञानेश्वरांना लोकांनी ज्ञानोबा केलं आणि मग नावच सोडून माऊली म्हणायला लागले. तुका, तुकाराम, तुकोबा, तुकोबाराय, एकाच माणसाची ही सगळी रूपं वारीत एकाच दिवसात तुमच्या कानावर पडतील आणि एकाही रूपात प्रेम कमी नाही. विठ्ठलाचा विठू करणारी माणसं आपण, तुमच्या विहानचा विहू होणार नाही का?

म्हणून मी नाव निवडताना एकच गोष्ट करायला सांगते. कागदावर लिहून बघू नका, तोंडाने म्हणून बघा. तीन रूपांत म्हणा. एक घरचं लाडाचं, एक मित्राच्या तोंडचं या वालं, आणि एक मोठेपणी कुणी आदराने राव, साहेब किंवा सर लावून म्हणेल ते. तिन्ही तुम्हाला बरी वाटली तर डोळे झाकून ठेवा. मल्हार घ्या, मल्हू, मल्ह्या, मल्हारराव, तिन्ही झकास. विराज, विरू, विऱ्या, विराजसर, चांगलं आहे. आता मुकुंद घ्या, इतकं गोड नाव, पण मित्रांत त्याचा मुक्या होतो, आणि ज्या पोराला बोलायला थोडा उशीर झालाय किंवा जो मुळात शांत आहे त्याला ते लागतं. मी मुकुंद ठेवू नका म्हणत नाही, घरी पहिल्यापासून मुकू रुळवा म्हणते, म्हणजे बाहेर जाताना त्याच्याकडे एक तयार रूप असतं आणि बरेचदा तेच पुढे चालतं.

हाक लांबूनही मारून बघा. गॅलरीतून खाली खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलावताना नाव ताणता आलं पाहिजे, राघवाऽऽ, ईशाऽऽन, असं. जोडाक्षर शेवटी असलं की ताणताना तोंड अडतं, पार्थला लांबून हाक मारून बघा म्हणजे कळेल, म्हणून पार्थच्या आया पार्थूऽऽ करतात, तेही छानच.

आजोबांचं नाव ठेवू का, हाही प्रश्न असतो. जरूर ठेवा. पूर्वी नातवाला आजोबांचं नाव देण्याची पद्धतच होती, आणि सून सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची नाही, मग त्या पोराला हाक मारायची कशी? बाळ, बापू, नाना, अण्णा, तात्या, असं काहीतरी. आपल्या घराघरातली निम्मी टोपणनावं मला वाटतं या अडचणीतून आली असतील. नानासाहेब पेशव्यांचं नाव बाळाजी, आजोबा बाळाजी विश्वनाथ. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी जनार्दन भानू, त्यांचेही आजोबा बाळाजीच, बाळाजी महादजी. दोघंही इतिहासात नाना म्हणूनच राहिले. लोकमान्यांचं नाव केशव होतं, घरातलं बाळ पुढे आलं आणि बाळ गंगाधर टिळक झालं. बाबा आमट्यांचं मुरलीधर आज किती जणांना आठवतं? घरच्या हाकेत एवढा दम असतो, म्हणून ती उगाच येईल तशी येऊ देऊ नका, नावाइतकाच तिचाही विचार करा.

कारण तिथे खरी गडबड होते, आणि ती मी दर जूनमध्ये बघते. नाव अद्वैत (बदलून सांगतेय), घरी मात्र जन्मापासून गोलू. पहिल्या दिवशी मी हजेरीत अद्वैत म्हटलं, उत्तर नाही. परत म्हटलं, शेजारच्या पोराकडे बघतोय, हा अद्वैत कोण असेल म्हणून. मग दारात उभी असलेली आई म्हणाली अरे गोलू, बाई तुला बोलावतायत, तेव्हा कुठे हात वर आला. आणि सगळा वर्ग त्याला त्या दिवसापासून गोलू म्हणायला लागला, त्यात तो अंगाने जरा भरलेला, दिवाळीपर्यंत रडून घरी जायचा आणि आईला कळेना की घरी ज्या हाकेला हसतो त्याच हाकेला शाळेत का रडतो. घरात ते लाडाचं होतं, वर्गात ते त्याच्या पोटावरचं झालं. मी पोरांना बसवून सांगितलं, आईने घरी अद्दू म्हणायला सुरुवात केली, हळूहळू सुटलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, अंगावरून, रंगावरून, नाकाडोळ्यावरून नाव पाडू नका, अगदी प्रेमातही नाही. काळू, ढब्बू, चपट्या, गोट्या ही नावं घरातल्या माणसांनीच पाडलेली असतात, बाहेरच्यांनी फक्त उचललेली असतात. लाडाचं नाव खऱ्या नावातूनच निघालेलं असलं तर सगळ्यात बरं, आणि नुसतं सोन्या, पिल्लू असेल तर दिवसातून थोडं तरी खरं नाव पोराच्या कानावर पडू द्या, अंघोळ घालताना, झोपवताना, अंगाईत त्याचं नाव घाला.

पत्रिकेच्या अक्षराचं म्हणाल तर सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी 108 अक्षरं होतात आणि त्यातलं तुमच्या बाळाचं एक. हस्त नक्षत्रात पू, ष, ण, ठ आहेत, आता ण वरून तुम्ही काय ठेवणार? म्हणूनच तर जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं अशी सोय आधीपासून आहे. बारशाला ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावं लिहितात तेव्हा कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार लिहायची पद्धत आहे. तेव्हा आजीला अक्षर हवं असेल तर त्या अक्षराचं नाव ताटात लिहा, हाक मारायचं तुम्हाला आवडेल ते ठेवा, कुणाचंच मन मोडत नाही.

घाईही करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही, नाव नंतर घालता येतं, एक वर्षापर्यंत फी न भरता, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. मात्र एकदा शाळेच्या रजिस्टरला लागलं की बदलायला राजपत्रापर्यंत जावं लागतं, म्हणून शाळेआधी पक्कं करा. आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लागतं, मला ही गोष्ट फार आवडली, तेव्हा आता चारही एका दमात म्हणून बघा कसं वाटतं ते.

बाहेरच्या राज्यात किंवा परदेशात राहत असाल तर अजून एक. अमेय, अजिंक्य, चैतन्य, शौर्य ही नावं इंग्रजीत लिहिली की शेवटी ए येतो आणि तिकडे ती मुलीची समजतात, अमेयचं अमेया होतं. ज्ञानेशचं स्पेलिंग आपण डी एन वाय करतो, हिंदीवाले जी वाय. मी यासाठी नाव सोडायला सांगणार नाही, आपलं नाव नीट म्हणायला माणसं शिकतात, शिकवावं लागतं इतकंच. नेटवरच्या याद्यांतले अर्थ मात्र तपासून घ्या, एकाच नावाला तीन ठिकाणी तीन अर्थ दिलेले असतात, ओळखीतल्या एखाद्या संस्कृतच्या बाईंना विचारलंत तर पाच मिनिटांचं काम आहे.

आता परवा जिने विचारलं तिचं. तिची शेवटची तीन नावं उरलीत, मल्हार, ईशान आणि निरंजन. तिन्ही चांगली आहेत. ईशान त्यांच्याच बिल्डिंगमध्ये दोन आहेत म्हणे, म्हणजे शाळेत हा ईशान के आणि तो ईशान पी होणार, ते नको. मल्हारबद्दल वर लिहिलंच. पण माझं मत निरंजनला, घरी निरू, मित्रांत निऱ्या, पुढे निरंजनराव, आणि तिच्या आणि नवऱ्याच्या नावासकट म्हणताना कुठेच अडत नाही, मी चार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. फक्त तिच्या नणंदेला मल्हार हवंय, आणि बाळाच्या कानात कुर्र करायचा मान आत्याचा, तेव्हा बारशाच्या आधी दोघींनी एकदा बसून बोलून घ्या.