‘नूतनीकरण’ वाचून लोक काय म्हणाले

गेल्या दिवाळीत मी आयुष्यातील पहिली कथा पूर्ण केली आणि तिच्या पंधरा प्रती काढून ओळखीच्या लोकांना वाचायला दिल्या. कथेचे नाव ‘नूतनीकरण’, काळ २०७१, स्थळ नाशिक. आईबाप होण्यासाठी परवाना लागतो आणि वाहन चालवण्याच्या परवान्याप्रमाणे तो ठरावीक मुदतीने नव्याने काढावा लागतो. तपासनीस घरी येतो, गुण देतो आणि गुण कमी पडले तर मूल शासकीय संगोपनगृहात जाते. तपासनीस येण्याच्या आदल्या रात्रीपासून तो निघून जाईपर्यंतचे एका घरातील बारा तास, एवढाच कथेचा विस्तार आहे. हे सारे मी भयंकर म्हणून लिहिले होते. वाचणाऱ्यांना मात्र त्याचे फारसे भय वाटले नाही.

भाषेवरचे आक्षेप मी निमूटपणे मान्य केले. माझे नवराबायको भांडतानाही शासन निर्णय वाचून दाखवत असल्यासारखे बोलतात, असे एका मित्राने सांगितले; मी तीस वर्षे सरकारी कचेरीत टिपणे लिहिली आहेत, त्यामुळे यावर बचाव करण्यासारखे काही नव्हते.

माझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे. तिने प्रत परत करताना विचारले, “हे पुढचे कशाला म्हणतोस? आमच्यावेळी झालेच होते की.” आणीबाणीत शाळा सांभाळून नसबंदीसाठी माणसे गोळा करण्याचे काम तिच्या वाट्याला आले होते, आणि ती ज्या घरांत शिकवायला म्हणून ओळखीची होती, तिथली दारे तिला पाहून बंद होऊ लागली होती. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. हे मला ऐकून माहीत होते, तरी कथा लिहिताना एकदाही आठवले नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की २००५ च्या नियमांनुसार नव्या कर्मचाऱ्यांनी द्यावयाची लहान कुटुंबाची प्रतिज्ञापत्रे मी स्वतः वर्षानुवर्षे धारिकांना जोडत आलो होतो. दोनपेक्षा अधिक अपत्ये असतील तर नोकरी नाही, असे सांगणारा तो कागद माझ्या टेबलावरून जात होता आणि मी पालकत्वाच्या परवान्याची कल्पना सुचायला २०७१ सालापर्यंत गेलो.

कथेचे खरे वैगुण्य दाखवले ते मूल दत्तक घेतलेल्या एका स्नेह्यांनी. माझा तपासनीस कपाटे उघडतो, आवाज चढवतो, उंबऱ्यावर बूट न काढताच आत येतो. ते म्हणाले, “आमच्याकडे आलेल्या बाई फार चांगल्या होत्या, आणि त्रास तोच होता.” दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांच्या घरी सामाजिक कार्यकर्ती येऊन अहवाल तयार करते, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, दोन परिचितांची शिफारसपत्रे लागतात. अहवालाची मुदत तीन वर्षे असते, म्हणजे माझे ‘नूतनीकरण’ काही अगदीच हवेतले नव्हते. मूल घरी आल्यावरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी होते. हे असायलाच हवे, याबद्दल त्यांना किंचितही शंका नव्हती. पण बाई येण्याआधी त्यांनी भिंतीला रंग दिला, कधी न वाचलेली बालसंगोपनाची पुस्तके दर्शनी भागात मांडली आणि चहा देताना हात थरथरू नये म्हणून कप अर्धेच भरले. “आम्हाला कोणी धाक घातला नव्हता हो, आम्हीच उत्तम आईबाप दिसण्यासाठी धडपडत होतो. तुमच्या कथेत ती धडपड नाही, कारण तुम्ही खलनायक आणून ठेवला आहे.” दुसऱ्या खर्ड्यात मी तपासनिसाला सौम्य केले, त्याला चपला दाराबाहेर काढायला लावल्या, आणि तो जितका सभ्य होत गेला, तितके ते जोडपे आपणहून अधिकाधिक खोटे बोलू लागले.

एका अभिप्रायाला मात्र माझ्यापाशी अजूनही उत्तर नाही. आमच्या वस्तीतील अंगणवाडी सेविकेने कथा वाचून सरळ सांगितले, की असा परवाना खरोखर निघाला तर फार बरे होईल. मी समजावू लागलो, की सत्ता कोणाच्या हाती जाईल, गुण कोण ठरवील, गरिबांचीच मुले आधी कशी उचलली जातील. तिने शांतपणे ऐकून घेतले. दर महिन्याला मुलांची वजने ती घेते. कोणत्या घरात मूल मार खाते आणि कोणत्या घरात ते उपाशी झोपते, हे तिला नावांनिशी ठाऊक आहे. गरिबांबद्दलचा माझा मुद्दा तिला पटला, पण त्या नावांचे काय करायचे, हे मला सांगता आले नाही.

दुसरा खर्डा मी सर्वांत आधी तिलाच दिला. त्यात सुधारलेल्या संवादांबद्दल किंवा त्या सभ्य तपासनिसाबद्दल तिने काही लिहिले नाही. तपासणीच्या सकाळच्या प्रसंगाशेजारी, समासात पेन्सिलीने एवढेच होते: “सकाळपासून मुलीला कोणी खायला दिलेले नाही.”