दहा एमएम म्हणजे नेमकं किती? नांगर गेल्यानंतरचा माझा अनुभव

वादळात माझ्या बोटीचा मुख्य नांगर साखळीसकट सोडून द्यावा लागला, तो भाग दोन मिनिटांचा. शेजारची बोट सरपटत अंगावर येत होती. साखळीचं आतलं, म्हणजे बोटीतलं टोक दोरीने बांधलेलं होतं, ती दोरी सुरीने कापली आणि निघालो. (हे टोक शॅकलने, म्हणजे लोखंडी कडीने, कधीच पक्कं करू नका. दोरीच हवी, तीही डेकवर येईल इतकी लांब.) बंदर कार्यालयाला जागा कळवली, विम्याचा अर्ज गेला, नवा नांगरही तिसऱ्या दिवशी आला. सगळं अडलं ते साखळीपाशी.

मी '10 मिलिमीटर, गॅल्व्हनाइज्ड, 60 मीटर' अशी ऑर्डर दिली. साखळी आली. हाताने सोडली तेव्हा झकास वाटली. विंडलासवर (नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्रावर) वजन आलं मात्र, पाच-सहा कड्यांनंतर खाडकन उडाली आणि सुटत गेली. बोटं जवळ असती तर गेलीच होती. आधी वाटलं, साखळीला पीळ पडलाय. तासभर पीळ काढण्यात घालवला. मग दहा कड्या ताणून पहिलीच्या आतल्या कडेपासून दहावीच्या आतल्या कडेपर्यंत टेप लावली: 300 मिलिमीटर. माझ्या जिप्सीला (विंडलासचं खाचांचं चाक, ज्यात कड्या बसतात) हवे होते 280.

गोम अशी की 'दहा एमएम' ही फक्त सळीची जाडी. कडीची आतली लांबी, म्हणजे पिच, वेगळीच. डीआयएन 766 या जर्मन मानकाप्रमाणे ती 28 मिलिमीटर, आयएसओ 4565 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 30. एका कडीत 2 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पाच कड्यांत ते 10 होतात. मग कडी खाचेत न बसता दातावर चढते. 8 मिलिमीटरच्या साखळीत दोन्हीकडे पिच 24च, त्यामुळे लहान बोटी चालवलेल्यांना याची कल्पनाच नसते.

विक्रेत्याला फोन केला तर एकच पालुपद: "दहा म्हणजे दहाच." कापून दिलेली साखळी परत घेणार नाही म्हणाला. मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे 60 मीटरचे 135 किलो. परत पाठवायची तरी कशी? शेवटी साखळी ठेवली आणि विंडलासच्या कंपनीकडून 30 पिचची जिप्सी मागवली. त्यात आठ दिवस गेले, आणि त्या आठ दिवसांत शांत हवेच्या दोन चांगल्या संधी डोळ्यांदेखत निघून गेल्या. जिप्सीवर कोरलेला क्रमांक ऑर्डरच्या आधी वाचला असता तर हे काहीच झालं नसतं. तुम्ही आजच वाचून ठेवा. जुन्या साखळीच्या चार कड्या वेगळ्या जपल्यात तर फारच उत्तम. माझी तर सगळीच तळाला गेली होती.

तोवर हाताशी होता फक्त दुय्यम नांगर: डॅनफोर्थ (सपाट पात्यांचा प्रकार), 10 मीटर साखळी, पुढे 60 मीटर नायलॉन दोर. दोरावर नांगरायचं तर खोलीच्या किमान सातपट सोडावं लागतं, आणि खोलीत भरती व नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची दोन्ही धरायची. ओहोटीला 4 मीटर, भरतीचे अडीच, नाळेचा दीड: झाले 8. सातपट 56. म्हणजे ओहोटीला 4 मीटरहून बरीच खोल असलेली प्रत्येक जागा खोडायची. शिवाय वारा उलटा फिरला की डॅनफोर्थ उखडतो आणि कित्येकदा पुन्हा धरत नाही. वादळी हंगामात वारा फिरणारच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, तेव्हा 'आज रात्री 20 नॉटच आहेत' (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) यावर भिस्त ठेवू नका; अंदाजात सरासरी वारा असतो, झोत चाळीस टक्क्यांनी जास्त येऊ शकतात.

म्हणून ठरलेल्या सफरीतल्या पाचपैकी उघड्यावरचे तीन मुक्काम रद्द केले. धक्का किंवा भक्कम बोया (तळाशी पक्का बांधलेला तरता गोळा) असलेली ठिकाणंच ठेवली. त्यामुळे एक टप्पा 48 सागरी मैलांचा झाला. साडेपाच नॉटने पावणेनऊ तास लागले असते. मी हिशेब साडेचारने केला, पावणेअकरा तास. अंधार पडण्याच्या दोन तास आधी पोचायचं ठरवून निघण्याची वेळ मागे मोजत आणली. निम्म्या वाटेवर ठरलेल्या वेळेला पोचलो नाही तर माघार, हे निघण्याआधीच लिहून ठेवलं. खाडीच्या मुखातून शिरायचं असेल तर ओहोटीचं पाणी आणि त्याच्या उलट, समुद्राकडून येणारा वारा ही जोडी टाळा. लाटा तिथेच उभ्या राहून फुटतात, आणि उधाणाच्या दिवसांत तर विचारूच नका.

एवढी छाटाछाट केली तरी दुय्यम नांगर नाळेवर तयारच ठेवायचा. इंजिन बंद पडलं तर किनाऱ्यापासून बोट रोखायला तोच असतो. दोर जिथे रोलरवर घासतो तिथे जाड नळीचा तुकडा चढवा.

हो, एक राहिलंच. साखळी सोडताना जीपीएसवर माणूस-पाण्यात-पडल्याचं बटण दाबलं, त्यामुळे जागा नोंदली गेली. पण टोकाला बोया बांधायला वेळ मिळाला नाही. आता दोर गुंडाळलेला एक फेंडर (बोटीच्या कडेला लावायचा हवा भरलेला गोळा) साखळीच्या लॉकरच्या झाकणालाच अडकवून ठेवलाय. पाणबुड्या भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत उतरेल, तेव्हा पाण्याची ओढ कमी असते.