जिनिंगच्या शेडमधलं नाटक आणि आमचं हसू

आमच्याकडे नाटकाचं परीक्षण म्हणून जे छापून येतं, त्यात नाटक सोडून सगळं असतं. दीपप्रज्वलन कोणी केलं, शाल-श्रीफळ कोणाला मिळालं, सूत्रसंचालन कोणाचं आणि आभार कोणाचे. शेवटी एक ओळ: ‘कलावंतांनी सशक्त अभिनयाने रसिकांची मने जिंकली.’ ही ओळ कुठल्याही नाटकाला चालते, न झालेल्या नाटकालासुद्धा.

मी अमळनेरची, नोकरी पोस्टात. राज्य हौशी नाट्य स्पर्धा जळगाव केंद्रावर सुरू झाली की ऑफिस सुटल्यावर मिळेल ती गाडी पकडून संभाजीराजे नाट्यगृह गाठते. परतीचं काय ते मग बघू. घरच्यांनी आता विचारणं सोडलंय. त्या स्पर्धेने खूप दिलं, पण एक वैतागही दिला. दर वर्षी दोन-तीन नाटकांत तरी शेवटी दोरीचा फास खाली येतो, त्यावर लाल दिवा पडतो आणि मागे बासरी वाजते. शेतकरी मेला की नाटक गंभीर झालं, असा एक समज आहे. तो फास दिसला की मी घड्याळ बघते. यावर काही लिहिलं की निरोप येतो, “ताई, पोरांनी पदरचे पैसे घातलेत, जरा सांभाळून लिहा.”

सांभाळून लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं. पदरचे पैसे घालून काम करणाऱ्याला त्याचं काम कोणीतरी नीट पाहिलं एवढं तरी मिळायला हवं. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकाचे शेकड्याने प्रयोग होतात. तिथलं परीक्षण वाचून माणूस तिकीट काढायचं की नाही ते ठरवतो. आमच्याकडे दोन प्रयोग झाले तरी डोक्यावरून पाणी. वाचणाऱ्याला ते नाटक बहुधा कधीच दिसणार नसतं, म्हणून काय झालं ते आधी नीट सांगावं लागतं. 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेत जी नाटकं केली, त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही. तरी त्यातली काही मला दिसतात, कारण तेव्हा कोणीतरी दिवा कुठून येत होता आणि नट कुठे उभा होता हे लिहून ठेवलं.

तर यंदाच्या मे महिन्यात पाहिलेल्या एका नाटकाबद्दल. नाव देत नाही, मुलं अजून त्यावर काम करताहेत.

जागा होती धरणगावकडच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, शेड. हंगाम संपलेला, यंत्रं झाकलेली. दिवसभर तापलेले पत्रे रात्री नऊलाही आग ओकत होते आणि आवाज नको म्हणून पंखे बंद. प्रेक्षक दोन रांगांत समोरासमोर, बारदानावर बसलेले. मधली वाट मोकळी, एक बैलगाडी जाईल एवढी. वाटेच्या टोकाला वजनकाटा. दिवा पेटला तेव्हा हवेत तरंगणारी रुई दिसली. कितीही झाडलं तरी ती त्या शेडमधून जात नाही. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं, मग दुसरं, आणि तो खोकला शेवटपर्यंत नाटकात राहिला. हे कोणी बसवलेलं नव्हतं, पण दिग्दर्शकाने ते ओळखलं असावं. एका जागी हमाल झालेला नट खोकला थांबेपर्यंत थांबला आणि मगच पोतं उचललं.

गोष्ट एवढीच की एक बाई कापूस घेऊन आलीय. ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा, ओल मोजायचं मीटर कापसात खुपसतो आणि आकडा ओरडतो. सीसीआयच्या (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्के ओलीला पूर्ण भाव आणि 12 टक्क्यांपर्यंत माल घेतात, त्यापुढे नाही. हे प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला पाठ होतं. त्यामुळे ‘अकरा’ म्हटल्यावर आख्खं शेड मनातल्या मनात कटती, म्हणजे भावातली कपात, काढू लागलं. ‘तेरा’ म्हटल्यावर माझ्या बाजूच्या माणसाने तोंडातल्या तोंडात शिवी घातली. नाटकात काय चाललंय हे समजावून सांगायची गरज नसलेला प्रेक्षक मुंबईच्या नाटकाला मिळायचा नाही.

बाई अहिराणी बोलते, ग्रेडर पुस्तकी मराठी. तिचं पहिलं वाक्य, “मन्हा कापूस सुका शे, भाऊ.” आणि प्रेक्षक हसले.

विनोद कुठेच नव्हता. वाक्य साधं, आवाज साधा. तरी हशा आला, कारण स्टेजवर अहिराणी म्हणजे हसायचं, ही सवय आम्हीच लावून घेतलीय. नाटकात अहिराणी कोण बोलतं? गडी, दारुडा, फार तर भांडकुदळ शेजारीण. नायकाला प्रेमात पडायचं असलं की तो एकदम सदाशिव पेठेत जातो. यूट्यूबवरच्या खान्देशी कॉमेडीने अहिराणी घराघरांत पोचवली हे खरं, पण पोचवली ती हसवायलाच. (पुण्याहून येणारे पाहुणे बहिणाबाईंचं नाव घेऊन ‘अहिराणीचा गोडवा’ सांगतात, तेव्हा तर काय बोलावं. त्या लेवा बोलीत बोलल्या.)

बाईचं काम करणाऱ्या मुलीने काय केलं ते सांगते. हशा ओसरू दिला. चेहरा हलवला नाही. मग तेच वाक्य, त्याच पट्टीत, त्याच वेगाने पुन्हा. या वेळी हसू अर्धं. ती परत थांबली. हात कापसात होता, बोटांनी एक बोंड उकलत होती, त्यातली कवडी (खराब कापूस) वेगळी काढून ओच्यात टाकत होती. तिसऱ्यांदा म्हणाली, “मन्हा कापूस सुका शे, भाऊ.” कोणी हसलं नाही. समोरच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या पोराने तर मान खाली घातली. तिथून पुढे ती अहिराणीत भांडली, हिशेब केला, एकदा चावटही बोलली. तिथे लोक हसले, आणि ते हसायलाच हवं होतं.

ही खरी प्रायोगिक गोष्ट. प्रेक्षक दोन बाजूंना बसवणं आणि शेडमध्ये प्रयोग करणं आता कॉलेजची पोरंही करतात. बोलीभाषेचं ओझं प्रेक्षकाच्या डोक्यावरून उतरवायला दोन मिनिटं पुरतात, हे मात्र मी आमच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. ‘वाडा चिरेबंदी’त देशपांड्यांचं घर वऱ्हाडी ढंगाने बोलत बोलत कोसळतं, तिथे बोलीला कोण हसतं? (त्या नाटकातलं धरणगाव विदर्भातलं. आमच्या, बालकवींच्या, धरणगावचे लोक तरीही कॉलर ताठ करतात.) ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012 मध्ये आलं. जालन्याकडच्या शेतकरी घरांतली मुलं आपल्याच बोलीत इतिहासाचा वाद घालत होती आणि मुंबईचे प्रेक्षक कान देऊन ऐकत होते. वऱ्हाडला जमलं, मराठवाड्याला जमलं, आम्ही मात्र अजून गड्याचं पागोटं सावरतोय.

आता जे फसलं ते. मधे प्रेक्षकांना एकेक करून काट्यावर उभं करतात आणि ग्रेडर प्रत्येकाची ‘कटती’ सांगतो. पहिल्या दोघा-तिघांपर्यंत धाक होता. मग कोणीतरी सरपंचांना पुढे ढकललं, त्यांच्या पोटावर विनोद झाला, मोबाइल निघाले आणि झालं, हळदीचा कार्यक्रम सुरू. परत नाटकात यायला बराच वेळ गेला. प्रेक्षकाला आत ओढलं की तो आपले नियम घेऊन येतो. त्याला बाहेर कसं काढायचं हे तालमीत ठरवलेलं दिसलं नाही.

दुसरं, संगीत. संघात एक मुलगा वहीगायन, हे आमच्याकडचं लोकगायन, करणाऱ्या घरातला आहे. सुरुवातीला त्याने डफावर जी थाप टाकली, ती पत्र्यावरून परत येऊन छातीत बसली. असा मुलगा हाताशी असताना शेवटी स्पीकरवरून बासरी कशाला? दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, “ताई, इमोशनल करायचं होतं.” फास नव्हता एवढंच नशीब. शेवटचं भाषणही काढावं. बाई वाटेच्या मधोमध उभी राहून व्यवस्थेबद्दल बोलते, आणि बोलते ते प्रमाण मराठीत. दीड तास जे कमावलं ते तीन मिनिटांत घालवलं. राग आला की आपली बाई पुस्तकी होते, असं का वाटलं त्यांना?

सगळ्यात नेमकं परीक्षण माझं नव्हतंच. प्रयोगानंतर चहा चालू असताना एक म्हातारे जिभाऊ दिग्दर्शकाजवळ आले. जिनिंगवर हमाली केलेले. म्हणाले, “वजन करतांना काटाकडे कोन दखस रे भो? बठ्ठा मालकना तोंडकडे दखतस.” (काट्याकडे कोण बघतं? सगळे मालकाच्या तोंडाकडे बघतात.) पोरांनी सगळ्यांना काट्याकडे बघायला लावलं होतं, शिस्तीत, एका रेषेत. दिग्दर्शकाने वही काढून ते लिहून घेतलं. मला त्याचा थोडा हेवा वाटला, माझं इतकं सविस्तर बोलणं त्याने नुसतं मान हलवून ऐकलं होतं.

पुढचा प्रयोग दिवाळीनंतर करायचं घाटतंय. तोवर जिनिंग सुरू होईल, शेड मिळणार नाही, म्हणून एका मंगल कार्यालयाशी बोलणं चाललंय. करू नये, असं माझं मत आहे. गुळगुळीत फरशी, वर झुंबर, बसायला लाल कव्हरच्या खुर्च्या. तिथे ओलीचा आकडा ओरडला तर जेवणाची पंगत बसल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा बाजार समितीचं लिलावाचं शेड मागावं. रात्री ते रिकामंच असतं, काटा तिथलाच वापरता येईल, आणि रात्रमुक्कामी थांबलेले गाडीवाले आयते प्रेक्षक मिळतील.