अजून लाकूड आहे त्यात

रविवार, २६ ऑक्टोबर. रात्रीचे साडेअकरा.

“अजून लाकूड आहे त्यात.”

एवढंच म्हणाले मास्तर. बंदूक माझ्या हातात परत दिली, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि ट्रकमधून सफरचंदांची पेटी उतरवायला गेले. पेटी आत आणून ठेवली, माझ्या नवऱ्याशी पावसाबद्दल दोन शब्द बोलले आणि निघून गेले. मी गॅरेजच्या दारात तशीच उभी. त्यांच्याकडे शिकत शिकत ही चकमकीची, ठासणीची बंदूक हाताने घडवतेय. चौदा महिने. तेलाचे सहा हात. आणि आता हे.

जेवताना कुणाशी नीट बोलले नाही. लेकाने विचारलं, मास्तरआजोबांना आवडली का गं? हो म्हटलं.

त्यांनी डोळ्यांनी फारसं पाहिलंच नाही, हे सारखं आठवतंय. नजर आता तशी राहिली नाही त्यांची. असो. लाकडी दस्त्याच्या मागच्या टोकाला अंगठा ठेवला आणि हळूहळू पुढे नेला. मूठ बसते त्या बारीक मनगटावरून, लॉकच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राच्या कडेने, नळीखालच्या लाकडावरून थेट तोंडापर्यंत, डोळे मिटून. आई गव्हाच्या डब्यात हात घालून कीड लागलीय का बघायची, अगदी तसं. तेवढ्या वेळात मी काय काय ऐकायला तयार होऊन बसले होते! रंग सुरेख उतरलाय म्हणतील. पितळेची पट्टी केसाचीही फट न ठेवता बसलीय म्हणतील. निदान ‘चांगली झाली’ तरी.

रंगाचं तर त्यांनी म्हणायला हवंच होतं. चेरीचं लाकूड मी हट्टाने घेतलं. मी करतेय तसल्या जुन्या, इथल्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रायफलींना बहुतेक नागमोडी रेषांचं मेपल असायचं. अक्रोड आणि चेरी कमी. पण राज्याच्या वायव्येला केन नावाचं गाव आहे, ते स्वतःला काळ्या चेरीची राजधानी म्हणवतं. त्या बाजूची जंगलं पाहिल्यापासून माझ्या मनात चेरीच होती. फळी आली तेव्हा उकडलेल्या कोळंबीसारखी फिकट गुलाबी. वर्षानुवर्षांच्या उजेडाने हे लाकूड आपणच काळपट तांबडं होत जातं. घाई असेल त्यांनी कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवावं, रंग क्षणात बदलतो. मला सोड्याची भीती वाटली. मी ऊन दिलं. जुलैभर रोज अंगणात पापड वाळत घालावेत तसा दस्ता मांडायचा, दर तासाला फिरवायचा, ढग आले की आत. मग ओलं फडकं फिरवायचं, लाकडाचे तंतू उभे राहिले की सुकवून खरवडायचे, पुन्हा ओलं, पुन्हा खरवड. तिसऱ्या वेळेला तंतू उठायचे थांबले. मग बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. तळहाताने, लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं आणि चार दिवस थांबायचं. सहाव्या हाताला आमच्या न्हाणीतल्या तांब्याच्या घंगाळाचा रंग आला. मी गॅरेजमध्ये एकटीच रडले होते त्या दिवशी.

आणि तो सगळा रंग वरच्या कातडीत आहे. कागदाइतका जाड असेल नसेल. लाकूड काढायचं म्हणजे तो आधी जाणार. तेल जाणार, जुलै जाणार. हे त्यांना ठाऊक नाही? पन्नास वर्षं हेच करतायत. मग जुलैमध्ये का नाही बोलले? कोरा दस्ता पाहिला होता की त्यांनी.

संध्याकाळपासून हाच एक प्रश्न घेऊन बसलेय. जुलैमध्ये का नाही बोलले.

वही काढली म्हणून आठवलं, नाहीतर त्यांच्यावर राग धरूनच झोपले असते. जुलैमध्ये बोलले होते. जूनमध्येही. मेमधल्या एका रविवारी माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘नळीच्या दोन्ही बाजूंनी अजून काढ म्हणाले. काढलं.’ काढलं म्हणजे काय काढलं? चार ढलप्या काढल्या असतील आणि उरलेली सकाळ पॉलिश पेपर फिरवत बसले असेन. पॉलिश पेपरने लाकूड जात नाही. काम केल्याचं समाधान तेवढं मिळतं.

इथल्याच नाझरेथ गावाजवळ जेकब्सबर्गला लाँगरायफलचं, म्हणजे या लांब नळीच्या जुन्या रायफलींचं म्युझियम आहे, तिथे गेलो होतो मार्चमध्ये. काचेमागच्या त्या रायफली पाहून पहिल्यांदा वाटलं ते हेच, की किती सडसडीत आहेत. जर्मनीतून आलेले कारागीर सोबत आखूड, जाड नळीच्या येगर बंदुकीची रीत घेऊन आले होते. इथे लँकेस्टरच्या आसपास दोन-तीन पिढ्यांत नळी लांबत गेली, भोक लहान झालं, लाकूड उतरत गेलं. शिसं आणि दारू दोन्ही महाग, सगळं पाठीवर वाहून जंगलात न्यायचं. लॉकभोवती लाकडाची कड तर जेमतेम नखभर. नळी आणि बार ठासायच्या गजाचं भोक यांच्यामध्ये एक अष्टमांश इंच लाकूड, म्हणजे तीन मिलिमीटर. मी वहीत आकडे लिहून घेतले. घरी येऊन माझ्या लॉकभोवतीची कड मोजली, तीन अष्टमांश. तशीच ठेवली.

आज बंदूक आडवी धरून दिव्याखाली पाहिली तेव्हा कळलं, अंगठ्याला काय लागलं असेल ते. माझी नळी ४२ इंची, अष्टकोनी, पण सरळसोट नाही. मागे जाड, मध्ये बारीक होत जाते आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुलते. नुसत्या डोळ्यांना हे पटकन दिसत नाही. लाकडाने मात्र तिच्याबरोबर आत जायचं असतं आणि पुन्हा बाहेर यायचं असतं. माझं लाकूड सरळ गेलंय, पट्टी लावल्यासारखं. आत नळी आहे आणि वर तिला मी गोधडी गुंडाळलीय.

हे भित्रेपण डिसेंबरपासूनचं आहे, तारीखसुद्धा सांगता येईल. त्याआधी नळीची खाच मी एकटीने कोरली होती. दिव्याची काजळी नळीच्या बुडाला धरायची, नळी लाकडात ठेवून वरून लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे, उचलायची, आणि काळं उमटलं तेवढंच तासायचं. शेकडो वेळा. शेवटी खाचभर काजळी सारखी उमटली तेव्हा मास्तरांनी नुसती मान हलवली होती. तो दिवस सोन्याचा होता. मग लॉक बसवताना पटाशी सटकली आणि कडेची चिलपी उडाली. मास्तर गुडघ्यांवर बसले, भुशातून ती चिलपी शोधली आणि तिच्याच जागी चिकटवली. आज भिंग लावूनही दिसणार नाही. मला दिसते. त्या दिवसापासून प्रत्येक ठोक्याआधी मनात तेच, की काढलेलं लाकूड परत येत नाही.

मास्तर त्या दिवशीही काही बोलले नाहीत. फार कमी बोलतात. येत्या मार्चमध्ये लेकीकडे जायचं ठरलंय त्यांचं, तेही मला ह्याच्याकडून कळलं.

भाऊबीजेला दादाचा फोन आला तेव्हा बंदुकीचा विषय निघाला. त्याला अजून खरं वाटत नाही की नळी मला कुरिअरने घरपोच आली. सांगितलं त्याला, १९६८च्या इथल्या केंद्रीय कायद्यात काडतूस न चालणारी ठासणीची बंदूक ‘फायरआर्म’च्या व्याख्येत बसतच नाही. तो हसला आणि मग दोघंही गप्प झालो. आजोबांची बंदूक दोघांनाही आठवली असणार. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, वानरांसाठी आणि डुकरांसाठी ठेवलेली. प्रत्येक निवडणुकीला गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. नंतर परवाना कुणाच्याच नावावर झाला नाही. ती पुढे कुठे गेली, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. दादाने लेकाच्या अभ्यासाचं विचारलं आणि ते राहून गेलं.

मुलींनी हात लावायचा नाही, असं होतं. एकदाच लावला. नऊ वर्षांची असेन. परत आणलेली बंदूक ओटीवर गोणपाटात होती आणि आजोबा पाय धुवायला मागच्या दारी गेले होते. गोणपाटात हात घातला. घोडा नाही आठवत, नळी नाही आठवत. दस्त्याचं मनगट आठवतं. तेलाने आणि घामाने काळं, गुळगुळीत, आणि इतकं बारीक की माझं मधलं बोट जवळजवळ अंगठ्याला टेकलं. वासराच्या पायाला धरल्यासारखं वाटलं होतं. मग पावलं वाजली.

आता मघाशी, अकराच्या सुमारास, उठून गॅरेजमध्ये गेले आणि माझ्या बंदुकीचं मनगट मुठीत धरलं. आज माझा हात तेव्हापेक्षा कितीतरी मोठा आहे. मधलं बोट आणि अंगठा यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं.

दोन बोटांचं.

म्हणजे मी चौदा महिने जी बंदूक करत होते तिला माझाच हात पुरत नाही. हे मोजायला पट्टी लागत नव्हती, म्युझियम लागत नव्हतं. मूठ वळायची होती फक्त. मास्तर बरोबर आहेत. ते बरोबर आहेत याचं आता वाईटही वाटत नाहीये, हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतंय. उलट हायसं वाटतंय. आत जी बंदूक आहे ती अजून बिघडलेली नाही. ती तिथेच आहे, थोड्या जास्तीच्या लाकडाखाली.

नाताळनंतर इथे हरणांचा हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. मास्तर ती तारीख धरून आहेत. मी जनावरावर नेम धरणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलंय, कागदावर धरेन. पण त्या दिवशी बंदूक त्यांच्या हातात द्यायची आहे, बार भरायला आणि रंजक, म्हणजे ठिणगीने पेटणारी बारीक दारू घालायला. दोन महिने आहेत. सहा हात तेलाला पाच-सहा आठवडे पुरे होतील. ऊन मात्र आता जुलैचं मिळणार नाही. रंग फिकट राहील. राहू दे, तो पुढे आपला आपण येईल.

लॉक काढलं. नळीच्या पिना एकेक करून काढल्या, नळी उचलून फडक्यात गुंडाळून ठेवली. नुसता दस्ता व्हाइसमध्ये चामड्याच्या तुकड्यांत धरला. खरबरीत कानस घेतली. तिच्या मुठीवर खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू अजून आहे. पहिला हात मनगटाच्या खालच्या बाजूने मारला. तांब्याच्या रंगाखालून तीच कोळंबीची गुलाबी उघडी पडली आणि चेरीचा तो गोडसर वास आला. मार्चनंतर पहिल्यांदाच.

बारा हात एका बाजूने, बारा दुसऱ्या. मूठ वळून पाहिली. पुन्हा बारा-बारा. मग ह्याने दार उघडून विचारलं, किती वाजले माहीत आहे का? तेव्हा थांबले.

दीड बोट राहिलंय.

दस्ता दिवाणखान्यातल्या पूर्वेच्या खिडकीत ठेवलाय, घासलेली बाजू काचेकडे करून. उद्या ऑफिसमधून आल्यावर नळीच्या बाजूंना हात घालायचा, मधोमध, जिथे नळी बारीक होते तिथपासून.